चारोळी पिकेपर्यंत थांबणार कोण?

परवा श्रीखंडासाठी चारोळी आणली. वाटीत ओतली तर निम्मे दाणे बारीक, सुरकुतलेले. दुकानदाराला म्हटलं, तर म्हणाला, "मालच असा येतो, ताई." माल असा का येतो ते मी गेल्या उन्हाळ्यात गडचिरोली जिल्ह्यात, मामाच्या गावी पाहिलंय.

चारोळी म्हणजे चाराच्या फळातला दाणा. ऐन उन्हाळ्यात फळ पिकून काळं-जांभळं होतं. वरचा गर गोड, मुलं तो मिटक्या मारत खातात. आत कडक बी, ती जात्यावर हलकेच भरडली की दाणा निघतो. आम्ही गेलो तेव्हा फळं हिरवीच होती, आणि एका झाडाच्या फांद्याच कुऱ्हाडीनं उतरवलेल्या. शेजारच्या काकांना म्हटलं, "काका, पिकू तरी द्यायची होती!" ते म्हणाले, "मी थांबलो तर उद्या दुसरा नेईल." मी गप्प बसले. खोटं थोडंच होतं?

मोहाच्या झाडाला मात्र असं कुणी करत नाही. कितीतरी गावांत जंगलातला मोहसुद्धा रिवाजानं घरोघरी वाटलेला असतो. हा अमक्याचा, तो तमक्याचा. त्यामुळे घाई नाही. चार सगळ्यांचा, म्हणजे आधी पोचेल त्याचा! कच्च्या मालाला भाव कमी, आणि पिकलेली बी खाली पडलीच नाही तर नवं झाड कुठून येणार?

२००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजाची मालकी आणि सामूहिक वन राखण्याचा हक्क गावाला दिला. गडचिरोलीतल्याच मेंढा (लेखा) गावाला तो २००९ मध्ये मिळाला. पण नुसत्या हक्कानं फळ पिकत नाही. मला विचाराल तर ग्रामसभेनं दरवर्षी फळं बघून तोडणीची तारीख ठरवावी. त्याआधी चाराला हात लावायचा नाही. फांदी कधीच तोडायची नाही. थोडी झाडं बियांसाठी राखायची. आणि तारीख ठरवताना वेचायला जाणाऱ्या बायकांचं ऐकायचं, कारण कुठलं झाड कधी पिकतं ते त्यांनाच ठाऊक असतं.

आता कुणी म्हणेल, शहरात बसून थांबायला सांगणं सोपं आहे. खरंय. ज्याच्या घरात आज पैसा नाही, त्याला पंधरा दिवस फार मोठे. व्यापाऱ्याची उचल घेतली असेल तर विचारूच नका. म्हणून ज्या ग्रामसभांकडे तेंदूचा, बांबूचा पैसा येतो, त्यांनी त्यातून अशा घरांना उचल द्यावी. माल आला की वळती करून घ्यावी. हे नसेल तर तारखेचा नियम गरिबालाच आधी जाचेल, आणि तो मोडेल. मग दोष त्याचा नाही.

असो. श्रीखंड चांगलं झालं, चारोळी निवडून निवडून घातली. मामा, तुम्ही हे वाचालच. पुढच्या ग्रामसभेत विषय काढा. काकांनाही सोबत न्या, सगळेच थांबणार असतील तर तेही थांबतील.