यादी गावाच्या नावासह हवी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार होते. जखमींचा आकडा पेपरागणिक वेगळा येतो. आपल्याला त्याचे फारसे वाटत नाही, कारण कोणाच्या घरचा मुलगा पडला हे पांढुर्णा आणि सावरगाव दोघांनाही ठाऊक असते. गडचिरोलीत पोलीस आणि नक्षलवाद्यांच्या लढाईत तसे नाही. तिथून आपल्यापर्यंत बहुतेक वेळा फक्त आकडा येतो.

पोलीस पडले की त्यांची नावे छापून येतात, आणि यायलाच हवीत. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याच्या सुरुंगस्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला. पण नक्षलवाद्यांनी 'खबरी' ठरवून मारलेल्या आदिवासीची बातमी दोन ओळींत संपते. चकमकीत मेलेल्याची नोंद तर सुरुवातीला पोलिसांच्याच शब्दावर होते. एप्रिल २०१८ मध्ये कसनासूरजवळ आधी १६ मृतदेह सांगितले गेले. मग इंद्रावती नदीतून आणखी निघाले आणि दुसऱ्या एका चकमकीसह आकडा ४० वर गेला. गट्टेपल्लीचे गावकरी म्हणाले, आमची मुले लग्नाला निघाली होती. पोलीस म्हणाले, ती दलमात नवी भरती होती.

छत्तीसगडात सारकेगुड्याला जून २०१२ मध्ये १७ जण नक्षलवादी म्हणून मारले गेले. ते नक्षलवादी असल्याचा पुरावा नाही, असा न्यायमूर्ती अग्रवाल आयोगाचा अहवाल २०१९ मध्ये बाहेर आला. सात वर्षे ती माणसे चुकीच्या रकान्यात होती.

कोणी म्हणेल, ही नक्षलवाद्यांची कड घेणे झाले. आम्हाला ते मान्य नाही. आपल्याच राज्यात बालाघाट जिल्ह्यात डिसेंबर १९९९ मध्ये त्यांनी परिवहनमंत्री लिखीराम कावरे यांची हत्या केली. मंत्र्याचे नाव लोकांच्या लक्षात राहिले. त्यांनीच मारलेल्या गरीब गावकऱ्याचे नावही यादीत यावे, हेच आमचे म्हणणे आहे.

चकमकीतल्या मृत्यूचा गुन्हा नोंदवून स्वतंत्र तपास आणि दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी व्हावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये महाराष्ट्राच्याच प्रकरणात सांगितले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपतीने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. लढाई ओसरताना हिशेब पुरा करावा. नाव, वय, गाव, तारीख आणि चौकशीचा निकाल अशी एकच यादी तिन्ही राज्यांनी जाहीर करावी. ओळख पटली नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला आपण समाजबांधवांनी एवढे जरूर विचारावे.