वैमानिकाचे तास कोण मोजतो?

मुंबईहून दिल्लीला निघालेल्या विमानात आपण पट्टा बांधून बसतो, तेव्हा पुढच्या दाराआडच्या कॅप्टनने आजवर किती तास विमान चालवले आहे, याची आपल्याला कल्पना नसते. ती नोंद असते त्याच्या लॉगबुकात. आणि गंमत अशी, की हे लॉगबुक लिहिणारा तो स्वतःच असतो!

दुकानदाराची जशी खतावणी, तसे वैमानिकाचे लॉगबुक. तारीख, विमानाचा प्रकार, ‘व्हीटी’ने सुरू होणारी त्याची नोंदणी-अक्षरे, कुठून कुठे, कधी निघाले, कधी पोचले, दिवसा की रात्री, एकट्याने की शिक्षकासोबत, असे एकामागून एक रकाने. १९३७ च्या विमान नियमांतील ६७-अ हा नियम सांगतो, की वैमानिकाने, आणि परवान्यासाठी शिकणाऱ्यानेही, लॉगबुक ठेवलेच पाहिजे. नोंद शाईने करायची आणि शेवटच्या नोंदीनंतर किमान ५ वर्षे ते जपायचे.

आता तास मोजायचा कुठून? कुणीही म्हणेल, विमान उडाल्यापासून उतरेपर्यंत. तसे नाही. उड्डाणासाठी विमान जागचे हलले की घड्याळ सुरू होते आणि प्रवास संपवून ते पुरते थांबले की बंद. चाकाची उटी काढल्यापासून पुन्हा उटी लावेपर्यंत, असे म्हणा हवे तर. म्हणजे दिल्लीच्या धुक्यात उड्डाणासाठी रांगेत अर्धा तास रखडलेले विमानही वैमानिकाच्या खात्यात अर्धा तास जमा करते. विमानाची देखभाल करणारे इंजिनियर मात्र चाकांनी जमीन सोडल्यापासून ती पुन्हा टेकेपर्यंतचाच वेळ धरतात. एकाच फेरीचे दोन आकडे, आणि दोन्ही खरे! हा फरक लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

वेळसुद्धा आपल्या घड्याळाची नसते. एअरलाइनचे वैमानिक जागतिक प्रमाणवेळ लिहितात आणि ती आपल्या साडेपाच तास मागे. त्यामुळे ५ मार्चच्या पहाटे ३ वाजता निघालेले विमान लॉगबुकात ४ मार्चच्या रात्री साडेनऊला निघालेले दिसते.

शिक्षक आणि विद्यार्थी शेजारी बसले, की तोच तास दोघांच्या वहीत जातो. विद्यार्थ्याच्या वहीत शिकण्याचा, शिक्षकाच्या वहीत कमांडचा. मागच्या सीटवर बसून नुसते पाहणाऱ्याला काहीच मिळत नाही. सहवैमानिकाच्या तासांचा रकाना निराळा, सिम्युलेटरचा निराळा.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? कारण परवाना या बेरजेवरच मिळतो. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्याकडे किमान २०० तास लागतात. त्यांतले १०० तास विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन, ५ तास रात्रीचे, आणि एक लांबचा प्रवास ३०० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरचा. कॅप्टन होण्यासाठी जो वरचा परवाना लागतो, त्याला १५०० तास.

या पहिल्या २०० तासांतच खरी मेख आहे. शिक्षणाचा खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात, कधी त्याहून जास्त. मध्यमवर्गीय घरात त्यासाठी कर्ज निघते, फ्लॅट गहाण पडतो. त्यात पावसाळ्यात आकाश बंद, एखादे विमान दुरुस्तीला. मुलगा वा मुलगी आठ-दहा तासांसाठी महिनोन्‌महिने अडकून पडते, आणि मग कुणीतरी हळूच सुचवते, ‘लिहून टाक ना!’ वैमानिकांच्या जगात अशा तासांना ‘पार्कर पेनचे तास’ म्हणतात. विमानाने नव्हे, पेनाने उडालेले! आडव्या वाऱ्यात विमान कसे टेकवायचे, इंजिन बंद पडले तर खालचे कोणते मैदान हेरायचे, हे ज्या तासांत हाताला कळायचे, नेमके तेच तास गाळले जातात.

ते पकडायचे कसे? वही एकटी नसते. विमानाचे स्वतःचे लॉगबुक असते, इंजिनाचे वेगळे असते. सेसना १७२ सारख्या शिकवणीच्या विमानाचे इंजिन साधारण २००० तासांनी पूर्ण उघडायचे असते, म्हणून ते तास मोजावेच लागतात. पेट्रोलची बिले असतात, नियंत्रण कक्षाच्या नोंदी असतात. विद्यार्थ्याचा आकडा विमानाच्या आकड्याहून दहा मिनिटांनी जास्त असला, तर तो जमिनीवरच्या धावण्याचा वेळ. पाऊण तासाने जास्त असला, तर प्रश्न विचारायलाच हवा. आणि एकच विमान एका वेळी दोघांच्या वहीत दोन ठिकाणी उडत असेल, तर प्रश्नाचीही गरज नाही.

२०११ मध्ये बनावट गुणपत्रिका जोडून परवाने मिळवल्याची प्रकरणे उघडकीस आली, काहींना अटक झाली. त्याच सुमारास राजस्थानातील एका उड्डाणशाळेत न उडालेले तास लिहून दिल्याची चौकशी झाली आणि देशभरातल्या उड्डाणशाळांचे दप्तर तपासायला निघाले. शिक्षकाची सही म्हणजे पुरावा, हा समज तेव्हा बराच ढिला झाला. आता नोंदी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या ‘ई-जीसीए’ या संगणकीय व्यवस्थेत जातात आणि फेब्रुवारी २०२५ पासून वैमानिकाचा परवानाही इलेक्ट्रॉनिक रूपात मिळू लागला आहे. खाडाखोड त्यामुळे अवघड झाली, पण उड्डाण झाले की नाही, हे संगणक विमानतळावर जाऊन पाहत नाही. ते अजूनही पेट्रोलच्या बिलावरूनच कळते.

मुलांना या शिक्षणासाठी पाठवणाऱ्या आईवडिलांनी फीच्या पावत्यांबरोबर अधूनमधून लॉगबुकही मागून पाहावे. त्यातले बरेचसे कळण्यासारखे असते. महिन्याची बेरीज त्याच महिन्यात झाली आहे का, शिकवणीच्या तासांपुढे शिक्षकाची सही आहे का, ऐन पावसाळ्यात तास एकाएकी वाढले तर नाहीत ना? परदेशात शिकून येणाऱ्यांनी तर जास्तच सांभाळायला हवे. तिथला परवाना इथे बदलून घेताना त्या देशाच्या विमान खात्याकडून पडताळणी मागवली जाते. ते उत्तर येईपर्यंत दोनशे तास वहीत असूनही वैमानिक घरीच असतो आणि कर्जाचा हप्ता चालू असतो.