मिनिटाला हजार शब्द!

गेल्या वर्षी, म्हणजे मी द्वितीय वर्षात असताना, दिवाळीच्या सुट्टीनंतर एका जलदवाचनाच्या वर्गात नाव घातले. फी साडेतीन हजार रुपये. ‘स्पर्धा परीक्षेला लागतं’ असे अर्धे खरे बोलून ती बाबांकडून घेतली. पूर्ण खरे सांगायचे तर मला वाचनाची भीती वाटू लागली होती. इतिहासाच्या यादीतली पुस्तके एकावर एक रचली असती तर माझ्या कमरेला लागली असती, आणि माझी चाल तासाला दहा-बारा पाने. वर्गातल्या मुली एका रात्रीत पुस्तक ‘संपवून’ येत. मी त्यांच्याकडे पाहत बसे.

वर्ग घेणारे सर बोलायला मोठे चतुर होते. अमेरिकेत ईव्हलिन वुड या बाईंनी १९५९ साली अशा वर्गांची सुरुवात केली, पुढे राष्ट्राध्यक्ष कार्टर व्हाइट हाउसमध्ये असताना हेच शिकले, असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. (हे खरे आहे, मी नंतर पडताळून पाहिले.) मग तीन नियम. शब्द मनातल्या मनात उच्चारायचा नाही. नजर मागे न्यायची नाही. एका दृष्टिक्षेपात सबंध ओळ उचलायची. आम्ही पेन्सिलीचे टोक पानावरून सपासप फिरवत असू. सहा आठवड्यांत माझा वेग मिनिटाला १९० शब्दांवरून ९६० वर गेला. तसे प्रमाणपत्र माझ्याकडे आहे.

प्रमाणपत्रासाठी एक उतारा आणि त्यावर दहा प्रश्न असत. पर्यायांपैकी एकावर खूण करायची. मला सात आले. त्या आनंदात मी हॉस्टेलवर प्रश्नपत्रिका माझ्या रूम पार्टनरपुढे टाकली. तिने उतारा पाहिलासुद्धा नव्हता. नुसत्या अंदाजाने खुणा केल्या आणि सहा बरोबर आणले! म्हणजे माझ्या विद्येची किंमत एक गुण.

तरी माझे डोळे उघडले नाहीत. ते उघडले ट्युटोरियलमध्ये. एकोणिसाव्या शतकातल्या एका निबंधकाराचा उतारा सरांनी वाचायला दिला होता. मी तो दोन मिनिटांत उडवला आणि सर्वांच्या आधी हात वर केला. लेखकाचे मत असे असे आहे, म्हणून ठासून सांगितले. सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, “अगं, लेखक जे खोडून काढतोय तेच तू त्याच्या तोंडी घातलंस. वाक्य संपेपर्यंत तरी थांबायचंस!” पाच ओळींचे ते वाक्य होते आणि ‘नाही’ अगदी शेवटी उभा होता. वर्ग हसला. मी हसले नाही.

आता विचार करते तेव्हा वाटते, हा अपघात मराठीत व्हायचाच. आपले क्रियापद शेवटी येते आणि नकार बहुतेक त्याच्याही मागून येतो. सबंध वाक्याचा अर्थ उलटवणारा शब्द पूर्णविरामाला टेकून बसलेला असतो. तो दिसल्यावर नजर आपोआप मागे जाते, कारण आधी लावलेला अर्थ पुन्हा लावायचा असतो. ही मागे जाण्याची सवय म्हणजे आळस, असे आम्हाला शिकवले होते. पण वाचकाला मागे जाऊ दिले नाही तर त्याचे आकलन घसरते, हे २०१४ साली अमेरिकेत प्रयोगाने दाखवले गेले आहे.

एका नजरेत सबंध ओळ, हा तर डोळ्यालाच न झेपणारा व्यवहार आहे. डोळा ओळीवरून पाण्यासारखा वाहत नाही, उड्या मारत जातो. एका ठिकाणी साधारण पाव सेकंद थांबतो आणि त्या थांब्यात स्पष्ट असे जेमतेम एखाददुसरा शब्द दिसतो. सेकंदाला चार थांबे धरले तर मिनिटाला दोनशे चाळीस. मार्क ब्रिसबार्ट या मानसशास्त्रज्ञाने २०१९ मध्ये १९० अभ्यासांचे आकडे एकत्र केले, तेव्हा इंग्रजीतल्या माहितीपर मजकुराचा सरासरी वेग मिनिटाला २३८ शब्द निघाला! मग हजार शब्द वाचणारा काय करतो? तो गाळतो. कीथ रेनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये घेतलेल्या आढाव्याचा निष्कर्षही थोडक्यात हाच आहे: वेग फार वाढवला की समज कमी होते.

शिवाय शब्द मोजायचे कोणाच्या मापाने? ‘घरासमोरच्यांनी’ हा आपला एक शब्द. इंग्रजीत तेवढ्यासाठी चार-पाच शब्द खर्ची पडतील. तेव्हा इंग्रजीचा आकडा मराठी वाचकाच्या गळ्यात बांधून त्याला मंद ठरवणे हा शुद्ध अन्याय आहे.

याचा अर्थ वेग वाढतच नाही असा मुळीच नाही. माझा वाढला, पण डोळ्यांच्या कसरतीने नव्हे. यंदा मी १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांवर प्रकल्प करते आहे. पहिले पुस्तक घेतले तेव्हा तासाला दहा पाने जीवावर आली. सुपे कुठे, सावकारांची खतपत्रे शेतकऱ्यांनी का जाळली, अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचा भाव इकडे का चढला आणि युद्ध संपताच का कोसळला, प्रत्येक ठिकाणी अडखळत होते. नकाशा उघडत होते, कोश चाळत होते. दुसऱ्या पुस्तकाला हीच माणसे आणि हीच गावे भेटली. १८७९ चा शेतकरी साहाय्य कायदा कशासाठी आला हे त्या पानावर पोचण्याआधीच मला ठाऊक होते. वीस पाने एका तासात सहज झाली. तिसऱ्यात तर हा लेखक कुठे नवे सांगतो आणि कुठे इतरांचेच उगाळतो, तेही कळू लागले. पहिले पुस्तक मी पेन्सिल फिरवून उरकले असते तर पुढची दोन्ही तितकीच जड गेली असती.

राहिला प्रश्न लक्षात राहण्याचा. त्याबाबतीत माझे खरे गुरू आमचे आबा. आजोबा जुने चौथी पास. अजूनही ओळीवर बोट ठेवून वाचतात. श्रावणात आमच्या ओसरीवर पोथी लागते. आबा चार ओव्या वाचतात, पोथीवर हात ठेवतात आणि अर्थ आपल्या शब्दांत सांगतात. समोरच्या बायका मध्येच काहीतरी विचारतात, ते पुन्हा सांगतात. कोणता प्रसंग कोणत्या अध्यायात, हे आबांना झोपेतून उठवून विचारा!

रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकन संशोधकांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर जे करून पाहिले ते आबांच्या ओसरीपेक्षा फार वेगळे नाही. काहींनी एक उतारा चार वेळा अभ्यासला. काहींनी एकदाच अभ्यासला आणि तीन वेळा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तर पहिल्यांची सरशी, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारले तेव्हा पहिले ४० टक्क्यांवर आले, दुसरे ६१ वर. परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड चार वेळा घोकून ‘सगळं पाठ आहे’ म्हणणाऱ्या आपल्या मैत्रिणींनी यातले पहिले दोन आकडेच पाहिलेले दिसतात.

हल्ली रात्री मेसमधून परतताना मी आणि माझी रूम पार्टनर एकमेकींना दिवसभराचे वाचन सांगतो. पुस्तक खोलीवर असते. जिथे सांगता येत नाही तिथे कळलेले नसते. असे रोज दोन-तीन वेळा होते आणि दर वेळी थोडी लाज वाटते.

वर्तमानपत्र मीही चाळते, आणि पुस्तक घ्यावे की नाही हे ठरवायला अनुक्रमणिका व दोन-चार पाने भराभर पाहते. तेवढ्यापुरती ती पेन्सिल ठीक आहे. माझी तक्रार आहे ती आपल्याच व्यवस्थेबद्दल. प्राध्यापक वर्ग एका पेपरला पंधरा पुस्तके सांगतो, त्यांतल्या पाचांच्या एकेक प्रती ग्रंथालयात असतात आणि पुस्तक सात दिवसांत परत करायचे असते. मग विद्यार्थी गाइडकडे नाहीतर साडेतीन हजारांच्या वर्गाकडे वळतो. पंधराऐवजी तीन पुस्तके सांगा, पण ती आम्हाला पंधरा दिवस ठेवू द्या आणि त्यांवर तोंडी विचारा. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली तरी कुरकुर करतील, पण वाचतील.

दंग्यांवरचे तिसरे पुस्तक गुरुवारी परत द्यायचे आहे. शेवटची दोन प्रकरणे राहिली आहेत. ग्रंथालयातल्या काकांना मी सांगून ठेवले आहे की दंड भरीन, पण पुस्तक सोमवारीच आणीन.