हिब्रू प्रज्ञाकाव्य : वचन आणि जाण

बायबलच्या जुन्या करारातील 'नीतिसूत्रे', 'ईयोब' आणि 'उपदेशक' या तीन ग्रंथांना अभ्यासक 'प्रज्ञावाङ्मय' असे नाव देतात. आपल्याकडे तौलनिक साहित्याभ्यासाच्या निमित्ताने त्यांचा उल्लेख होतो, तेव्हा त्यांची गणना बहुधा बोधपर वाङ्मयात केली जाते. बोध हा आशय आणि द्विपदी ही तो बोध स्मरणात राहावा म्हणून केलेली सोय, अशी विभागणी त्यामागे गृहीत धरलेली असते. माझ्या मते ही विभागणी या काव्याच्या गाभ्याशीच विसंगत आहे. ज्ञान हे वचनात साठवून ठेवता येते, असे हिब्रू प्रज्ञाकाव्य मानत नाही. वचन कोणापुढे व केव्हा उच्चारावे आणि कोठे थांबावे, याची जाण म्हणजे ज्ञान, अशी त्याची भूमिका आहे. ही जाण घडविण्याचे कार्य या काव्याची रचनाच करीत असते.

प्रथम शब्दाचा विचार करू. ज्याचे भाषांतर आपण 'ज्ञान', 'प्रज्ञा' किंवा 'शहाणपण' असे करतो तो हिब्रू शब्द 'होख्मा'. 'निर्गम' या ग्रंथात निवासमंडपाचे काम करणाऱ्या बसालेल या कारागिराला जी देणगी मिळते ती 'होख्मा' होय. बकऱ्यांच्या केसांचे सूत कातणाऱ्या स्त्रियांचे कौशल्यही त्याच शब्दाने सांगितले आहे. 'स्तोत्रसंहिते'च्या १०७ व्या स्तोत्रात वादळात सापडलेल्या खलाशांची जी मती कुंठित होते, तीही 'होख्मा'च. जाणणे या अर्थाचे 'यादा' हे क्रियापद 'उत्पत्ती'त पतिपत्नींच्या समागमासाठी योजले आहे. विचाराचे स्थान 'लेव', म्हणजे हृदय, हे आहे. शलमोन राजा देवाकडे मागतो ते ऐकू शकणारे हृदय. हाताचे कसब, निकटचा परिचय आणि ऐकण्याची तयारी ही या ज्ञानकल्पनेची तीन अंगे आहेत.

मराठी वाचकाच्या दृष्टीने अडचण अशी, की 'ज्ञान' हा शब्द उच्चारताच ब्रह्मज्ञान, मोक्षसाधन हे आपल्या परंपरेतील संस्कार जागे होतात. 'जाण' हा शब्द 'होख्मा'च्या अधिक जवळ जातो. कामाची जाण, माणसांची जाण, उपकारांची जाण असे आपण म्हणतोच. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा हिब्रूशी थेट झुंज घेऊन शब्द निवडण्याचा प्रश्न मराठीला सर्वस्वी नवा नाही. साहित्याच्या अभ्यासकांनी मात्र त्यात फारसे लक्ष घातलेले नाही.

आता रचनेकडे वळू. हिब्रू काव्याचे प्रधान लक्षण म्हणजे पंक्तींची समांतरता. रॉबर्ट लौथ यांनी ऑक्सफर्ड येथील आपल्या लॅटिन व्याख्यानांत या लक्षणाची मांडणी केली. ती १७५३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि समानार्थी, विरोधी व संयोगी असे तिचे तीन प्रकार पुढे सर्वत्र रूढ झाले. या वर्गीकरणामुळे दुसरी ओळ पहिलीचाच अर्थ निराळ्या शब्दांत सांगते, असा समज दृढ झाला. जेम्स कूगेल यांनी १९८१ साली त्याला आव्हान दिले. दुसरी ओळ पुनरुक्ती करीत नाही, ती पहिलीला पुढे नेते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. रॉबर्ट ऑल्टर यांनी १९८५ साली याच दिशेने, दुसऱ्या ओळीत आशय अधिक तीव्र व विशिष्ट होतो, हे दाखविले. हा मुद्दा केवळ छंदशास्त्राचा आहे असे मला वाटत नाही. एक विधान करून न थांबणे, त्याच्या शेजारी दुसरे ठेवून दोहोंमधील अंतर वाचकाला चालावयास लावणे, ही ज्ञानाकडे पाहण्याचीच एक रीत आहे.

'नीतिसूत्रे'च्या २६ व्या अध्यायात याचा निर्णायक पुरावा सापडतो. तेथे मूर्खाला त्याच्या मूर्खपणाला साजेसे उत्तर देऊ नये असे सांगणारे वचन आहे आणि लगेच पुढच्या वचनात तसेच उत्तर द्यावे असे सांगितले आहे. या विसंगतीमुळे हा ग्रंथ बाजूला ठेवावा काय, अशी चर्चा झाल्याचे 'ताल्मूद'मध्ये नमूद आहे. एक वचन धर्मशास्त्राच्या बाबतीत व दुसरे ऐहिक बाबतीत, असा निर्वाळा देऊन तेथे ग्रंथ राखला गेला. माझ्या मते ही विसंगती वर्गीकरणाने मिटविण्याची नाही. दोन्ही वचनांत कारण दिलेले आहे आणि दोन्ही कारणे खरी आहेत. समोरचा मूर्ख कोणता आणि वेळ कोणती, हे वाचकाला स्वतःच ठरवावे लागते. त्याच अध्यायात मूर्खाच्या तोंडच्या सुभाषिताला पांगळ्याच्या लोंबणाऱ्या पायांची आणि मद्यप्याच्या हाती आलेल्या काट्याची उपमा दिली आहे. सुभाषितांचा संग्रहच जेथे सुभाषिताविषयी असा इशारा देतो, तेथे त्याला केवळ बोधवचनांची जंत्री कसे म्हणता येईल?

या इशाऱ्याचे दारुण रूप 'ईयोब'मध्ये दिसते. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे मित्र सात दिवस व सात रात्री ईयोबाजवळ मुकाट्याने बसतात. तेवढा काळ ते शहाणे असतात. ते बोलू लागतात तेव्हा त्यांच्या मुखातून परंपरेने मान्य केलेलीच वचने बाहेर पडतात. दुष्टाचा नाश होतो, निर्दोष माणूस नष्ट होत नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा सारांश 'नीतिसूत्रे'तही सापडेल. तथापि अपत्ये गमावलेल्या, अंगभर फोड आलेल्या माणसापुढे तीच वचने क्रूर ठरतात. ग्रंथाच्या अखेरीस देव या मित्रांनाच दोष देतो आणि ईयोब योग्य बोलला असे सांगतो. वास्तविक ईयोबाने देवावर कठोर आरोप केलेले असतात. पाठ केलेले सत्य आणि भोगून बोललेले वाक्य यांतील हा भेद ज्ञानमीमांसेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

याच ग्रंथातील २८ वा अध्याय अनेक अभ्यासक स्वतंत्र कविता मानतात. माणूस डोंगर पोखरून रुपे, लोखंड, तांबे आणि नीलमणी काढतो, हे त्यात कौतुकाने वर्णिले आहे. मानवी कर्तृत्वाचा उपहास तेथे नाही. मात्र 'होख्मा' कोठे सापडते, या प्रश्नाला समुद्र नकार देतो आणि मृत्यू केवळ तिची वार्ता ऐकल्याचे सांगतो. 'उपदेशक' या ग्रंथात ३८ वेळा येणारा 'हेवेल' हा शब्दही येथे आठवतो. मराठीत त्याला 'व्यर्थ' म्हणतात, पण त्याचा मूळ अर्थ श्वास अथवा वाफ असा आहे. वाफ दिसते, अंगाला लागते आणि मुठीत येत नाही. 'व्यर्थ' हा मूल्यनिर्णय आहे, तर 'हेवेल' हा अनुभव आहे.

यावर असा आक्षेप संभवतो की परमेश्वराचे भय हेच ज्ञानाचे मूळ, हे या वाङ्मयाचे सूत्र मोकळ्या जिज्ञासेला शेवटी श्रद्धेच्या कुंपणातच आणून सोडते. आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु 'नीतिसूत्रे'च्या २२ ते २४ या अध्यायांतील एका भागाचे आमेनेमोपे या इजिप्ती लेखकाच्या उपदेशग्रंथाशी असलेले निकटचे साम्य १९२० नंतरच्या दशकात उजेडात आले. परक्यांची वचने आपल्या संग्रहात सामावून घेणारी परंपरा सर्वस्वी बंदिस्त म्हणता येणार नाही. शिवाय त्या भयाचा काव्यातील व्यवहार पाहिला, तर स्वतःच्या दृष्टीने शहाणा असलेल्या माणसापेक्षा मूर्खाविषयी अधिक आशा आहे, असे हाच ग्रंथ सांगतो. तेव्हा हे भय म्हणजे विचारास बंदी नव्हे. आपल्या जाणण्याला सीमा आहे याचे ते भान आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक गोष्ट निष्पन्न होते. 'नीतिसूत्रे' एकटे वाचले तर विद्यार्थ्याच्या हाती उत्तरे पडतात. 'ईयोब' एकटे वाचले तर केवळ आक्रोश. ज्या परंपरेने ही वचने रचली तिनेच ती दुःखिताच्या मुखासमोर तपासून पाहिली, हे दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवल्यावाचून ध्यानात येत नाही. आपल्या पदव्युत्तर वर्गांत सुभाषितांचे संकलन पुष्कळ होते आणि परीक्षेत त्यांना गुणही मिळतात. ते वचन कोणी, कोणापुढे व कोणत्या वेळी उच्चारले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो विचारण्याची सवय लावण्यासाठी या दोन ग्रंथांतील निवडक अध्यायांचे एकत्रित वाचन तौलनिक साहित्याच्या अभ्यासपत्रिकेत अंतर्भूत व्हावे, असे मला वाटते.