थोडासा न्यूसन्स

गेल्या शनिवारी सिंदी मेघेला घरी गेलो होतो. रात्रभर ट्रेनमध्ये आखडून आल्यावर दोन दिवस फक्त झोपायचं आणि आईच्या हातचं खायचं, एवढाच प्लॅन. पण मागच्या गल्लीत लग्न होतं आणि लग्नात डीजे. रात्री साडेदहाला शोकेसमधले स्टीलचे पेले आपोआप वाजायला लागले. बाबांची बायपास मागच्या वर्षी झालीय. ते काही बोलले नाहीत, छातीवर हात ठेवून पलंगावर नुसते बसून राहिले.

मी सांगायला गेलो. मुलगा तसा सभ्य. हात जोडून म्हणाला, "दादा, लग्नाचं घर आहे न, थोडासा न्यूसन्स होईन. अ‍ॅडजस्ट करून घ्या." घरी येऊन सांगितलं तर बाबांचंही तेच, "जाऊ दे न बाप्पा, एका रात्रीचं तं आहे."

झोप येणार नव्हतीच, मग त्या शब्दाच्याच मागे लागलो. (आमच्या धंद्यात याला रूट कॉज शोधणं म्हणतात.)

आपण हा शब्द किती हलका करून टाकलाय बघा. विमानात रडणारं पोर न्यूसन्स, मॅनेजरचे मेल न्यूसन्स. पण इंग्रजीत तो आला जुन्या फ्रेंचमधून, १५ व्या शतकाच्या सुमारास, आणि तेव्हा त्याचा सरळ अर्थ होता इजा, नुकसान. त्याच्या मागे लॅटिन क्रियापद 'नोकेरे', म्हणजे अपाय करणे. 'इनोसंट' हा याच घरातला : जो अपाय करत नाही तो इनोसंट. आणखी मागे गेलात तर भाषाशास्त्रज्ञ या 'नोकेरे'चं आणि संस्कृतातल्या 'नश्' धातूचं मूळ एकच मानतात. नश्, म्हणजे आपला नाश, विनाश. तेव्हा थोडासा न्यूसन्स म्हणजे थोडासा नाश. घ्या अ‍ॅडजस्ट करून!

मराठीत तरी वेगळं काय झालंय म्हणा. 'त्रास' म्हणजे संस्कृतात भीती. आपण त्याची कटकट केली. त्या रात्री बाबांना झाला तो मात्र मूळ अर्थाचा त्रास होता.

शब्दाचं वजन टिकवलंय ते कायद्यानं. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम २६८ सार्वजनिक उपद्रवाचं होतं. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेत कलम २७० झालंय. त्यात इजा, धोका आणि त्रास एकाच ओळीत बसवलेत. आणि शेवटी जे म्हटलंय ते मला फार आवडलं : त्यातून कुणाची सोय किंवा फायदा होतो म्हणून उपद्रव माफ होत नाही. म्हणजे 'लग्नाचं घर आहे' हे उत्तर १८६० सालीच निकालात निघालंय. शिवाय २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेतच. रात्री १० ते सकाळी ६, राहत्या वस्तीत मर्यादा ४५ डेसिबल. माझ्या मोबाइलवरचं अ‍ॅप आमच्या अंगणात ८८ दाखवत होतं. अ‍ॅप काही फार अचूक नसतं, पण दुप्पट चुकत नसावं.

तिकडे नागपूर महापालिकेनं २०१७ साली न्यूसन्स डिटेक्शन स्क्वॉड काढलं, मराठीत उपद्रव शोध पथक. नाव ऐकून पूर्वी मी हसलो होतो. आता वाटतं, 'उपद्रव' हाच शब्द बरोबर आहे. 'थोडासा उपद्रव होईल' असं हात जोडून म्हणायला जीभ अडखळते. न्यूसन्स म्हटलं की अडखळत नाही, आणि ऐकणाराही बग 'मायनर' म्हणून टाकून मोकळा होतो. माझी तक्रार डीजेइतकीच या सोयीच्या शब्दावर आहे. बाबासुद्धा फसले ना त्याला.

असो. लॅटिन सांगून काही होणार नव्हतं. पावणेबाराला बाबांची फाइल घेऊन पुन्हा गेलो. त्या मुलानं डिस्चार्जचा कागद वाचला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पहिलेच सांगाचं न दादा."

डीजे बंद नाही झाला. पण पेले थांबले.