आधी विचारा, मग फॉर्म छापा

दोस्तहो, मी कॉन्व्हेंटवाला, तेव्हा शुद्धलेखनाला हसू नका. मुद्दा मेसच्या सर्व्हेचा आहे.

गेल्या टर्मला आम्ही चौघांनी उत्साहात फॉर्म काढले आणि रात्रीच्या जेवणाला मेसमध्येच वाटले. निकाल काय, तर बहुतेक पब्लिक खूश! तोच कागद बघून कॉन्ट्रॅक्टरला आणखी एक वर्ष मिळालं. अहो, ज्यांना ते जेवण झेपत नाही त्यांनी केव्हाच बाहेर डबा लावलाय. त्यांना विचारलं कोणी? वर आमचा प्रश्न, 'जेवण चवदार आणि स्वच्छ असते का?' चव बरी पण भाजीत केस, अशाने टिक कुठे करायची?

मॅथ्सच्या मॅडमनी हे पाच मिनिटांत दाखवलं. पण आम्ही गेलो फॉर्म भरून झाल्यावर! संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी १९३८ साली कलकत्त्यात हेच बजावलं होतं, की प्रयोग उरकून आमच्याकडे आलात तर बहुधा पोस्टमॉर्टेमच होतं. आणि नुसते ढीगभर फॉर्म जमवून उपयोग नाही. १९३६ साली अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट'कडे वीस लाखांवर उत्तरं आली, तरी त्यांचा अंदाज होता की रूझवेल्ट पडणार. तो दणक्यात निवडून आला.

आमच्या कॉलेजात दर आठवड्याला कसला ना कसला फॉर्म फिरतो. मग संख्याशास्त्र जाणणाऱ्या सर-मॅडमनी आठवड्यातला एक तास यासाठी राखून ठेवला तर काय बिघडेल?

आता पुन्हा सर्व्हे करतोय. मॅडम म्हणाल्या, मेसमध्ये वाटू नका. हॉस्टेलची पूर्ण यादी घ्या, चिठ्ठ्या टाकून साठ नावं काढा आणि त्यांच्या खोलीवर जा. कुलूप दिसलं तर शेजाऱ्याला विचारू नका, परत जा.