विश्लेषण : ‘शिवाजी विद्यापीठ’ की ‘छत्रपती शिवाजी महाराज विद्यापीठ’? नाव वाढवल्याने मान वाढतो का?

गारगोटीत कुणाची प्रकृती गंभीर झाली की नातेवाईक म्हणतात, ‘कोल्हापूरला सीपीआरला न्या’. सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. इंग्रजी अमदानीत ते अल्बर्ट एडवर्ड यांच्या नावाने ओळखले जाई. पुढे परके नाव जाऊन करवीरच्या छत्रपती घराण्यातील राणीचे नाव आले. आज रोज हजारो लोकांच्या तोंडी हे रुग्णालय असते, पण प्रमिलाराजे त्यातल्या किती जणांच्या तोंडी असतात? ‘छत्रपती’ या पदवीचा तिथे ‘सी’ झाला आहे. कोल्हापुरातील शिवाजी विद्यापीठाच्या नावाचा वाद समजून घ्यायला या तीन अक्षरांपासून सुरुवात करणे सोपे जाते.

वाद नेमका काय आहे?

‘शिवाजी विद्यापीठ’ हे नाव एकेरी असून त्यातून महाराजांचा अवमान होतो, सबब ‘छत्रपती शिवाजी महाराज विद्यापीठ’ असे नामकरण करावे, अशी हिंदुत्ववादी संघटनांची मागणी आहे. मार्च २०२५ मध्ये त्यासाठी कोल्हापुरात मोर्चा निघाला. तेलंगणातील आमदार टी. राजा सिंह त्यात सहभागी झाले होते. पुरोगामी संघटना आणि विद्यापीठाशी जोडलेल्या अनेकांनी मागणीला विरोध केला.

गारगोटीचा या वादाशी थेट संबंध आहे. भुदरगड तालुक्यातील मुलांच्या पदवीवर याच विद्यापीठाचे नाव छापले जाते. इथले कर्मवीर हिरे महाविद्यालय त्याला संलग्न आहे.

१९६२ मध्ये हे नाव कसे आले?

विद्यापीठाचे उद्घाटन १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले. देश तेव्हा चीन युद्धाच्या छायेत होता. बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री होते आणि डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू झाले. या मंडळींना महाराजांविषयी आदर कमी होता, असे मोर्चेकरीही म्हणणार नाहीत. विद्यापीठाच्या आवारात महाराजांचा अश्वारूढ पुतळा दिमाखात उभा आहे.

मग नाव आखूड का ठेवले? नामबदलाच्या विरोधकांचे म्हणणे असे, की लांब नावाचे लघुरूप होते आणि मूळ माणूस हरवतो, हे तेव्हाच्या नेत्यांनी ओळखले होते. त्यासाठी बडोद्याचे उदाहरण दिले जाते. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ पासून देशभर ‘एमएस युनिव्हर्सिटी’ म्हणून ओळखले जाते. सयाजीराव कोण, हे तिथे शिकलेल्यांनाही सांगावे लागते. ‘शिवाजी विद्यापीठ’ या दोन शब्दांत कापण्यासारखे काही नाही. विद्यार्थी, रिक्षावाला, कंडक्टर, सगळे ‘शिवाजी’च म्हणतात.

लघुरूपाची भीती खरी आहे का?

खरी आहे, आणि उदाहरणांसाठी लांब जावे लागत नाही. मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ जोडले गेले. प्रवाशांच्या बोलण्यात ‘व्हीटी’चे ‘सीएसटी’ आणि ‘सीएसटी’चे ‘सीएसएमटी’ झाले. आदराचा शब्द वाढला तो एका ‘एम’च्या रूपाने. माटुंग्याच्या ‘व्हीजेटीआय’ची कथा तर मासलेवाईक आहे. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटचे १९९७ मध्ये वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट झाले. राणी गेली, राजमाता आली, आद्याक्षरे जशीच्या तशी राहिली! भायखळ्याच्या उद्यानालाही जिजाबाईंचे नाव आहे, लोक मात्र अजून ‘राणीच्या बागे’त जातात आणि त्यांच्या मनातली राणी व्हिक्टोरियाच असते. कोल्हापूरचे रेल्वे स्थानक छत्रपती शाहू महाराज टर्मिनस आहे, पण रेल्वेच्या नोंदीत तिथेही ‘छत्रपती’चा ‘सी’ झाला आहे.

मग ‘एकेरी’चा आक्षेप निराधार आहे का?

तसे म्हणून तो झटकता येणार नाही. गेल्या तीस-चाळीस वर्षांत मराठीतील आदराची रीत बदलली आहे. शाळेत, भाषणात, सरकारी कागदात ‘छत्रपती शिवाजी महाराज’ असा पूर्ण उल्लेख ऐकत वाढलेल्या तरुणाला नुसते ‘शिवाजी’ खरोखरच खटकते. त्याच्या भावनेमागे दरवेळी राजकारण शोधणे अन्यायाचे होईल.

अडचण ही रीत मागच्या काळाला लावताना येते. कोल्हापूरचे कॉम्रेड गोविंद पानसरे यांचे ‘शिवाजी कोण होता?’ हे पुस्तक १९८८ चे. त्याने महाराजांचे लोककल्याणकारी रूप घराघरांत नेले. तरीही एका आमदाराने पुस्तकाच्या शीर्षकातील एकेरी उल्लेखावर आक्षेप घेतला. आत काय लिहिले आहे, हा प्रश्नच मागे पडला.

मराठीत एकेरी म्हणजे अनादर, हे समीकरण तसे अलीकडचे आहे. वारकरी विठोबाला ‘तू’ म्हणतो. जोतिबा आणि अंबाबाईला कोल्हापूरकर एकेरीतच हाक मारतात. घरात वडिलांना ‘अहो’ आणि आईला ‘अगं’ म्हणणारी मुले आईचा मान कमी ठेवतात, असे कोण म्हणेल?

खुद्द गारगोटीत याचा सर्वांत बोलका दाखला आहे. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी १९४७ मध्ये इथे ग्रामीण शिक्षणाची संस्था उभी केली. तिला नाव दिले शिवकाळातील पाटगावच्या मौनी महाराजांचे. पण पाटीवर ‘श्री मौनी विद्यापीठ’ एवढेच आले, ‘महाराज’ नाही. त्यामुळे पाटगावच्या मठाचा मान उणावला नाही. उलट ‘मौनी’ हा शब्द तालुक्याच्या रोजच्या बोलण्यात रुजला. याच संस्थेचे तंत्रनिकेतन मात्र ‘आयसीआरई’ या चार अक्षरांनी ओळखले जाते आणि त्यातले ‘ग्रामीण’ कुणाच्या कानावर पडत नाही.

आजच्या मूल्यांनी जुनी नावे तपासूच नयेत का?

तपासावीत, आणि महाराष्ट्राने ती तपासली आहेत. १९४२ च्या आंदोलनात कोल्हापुरातील गव्हर्नर विल्सन यांचा पुतळा लोकांनी विद्रूप केला. १९४५ मध्ये भालजी पेंढारकर यांच्या पुढाकाराने तिथे शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. तोच आजचा शिवाजी चौक. सत्तेने लादलेले प्रतीक लोकांनी उतरवले होते.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पत्ता सांगताच जात कळावी, या व्यवस्थेचा त्रास आज जिवंत असलेल्या माणसांना होत होता. समतानगर, भीमनगर, क्रांतिनगर अशी नावे त्यातून पुढे आली. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची तर मोठी किंमत मोजावी लागली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांची घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. ज्यांना पिढ्यानपिढ्या शिक्षणाबाहेर ठेवले, त्यांचा विद्यापीठावरचा हक्क त्या पाटीवर लिहिला गेला. एवढे होऊनही त्याचे लघुरूप ‘बामु’ झालेच. तिथे मात्र पाटी बदलणे हाच लढा होता.

जगात यासाठी काय कसोटी लावतात?

अमेरिकेतील येल विद्यापीठाने गुलामगिरीचे समर्थक जॉन कॅल्हून यांचे नाव २०१७ मध्ये एका महाविद्यालयावरून काढले. त्याआधी समिती नेमून निकष ठरवले. त्यातला मुख्य निकष असा : त्या व्यक्तीचा प्रमुख वारसा संस्थेच्या ध्येयाच्या विरोधात जातो का? प्रिन्स्टनने २०२० मध्ये आपल्या धोरण अभ्यास संस्थेवरील माजी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे नाव त्यांच्या वंशभेदी धोरणांमुळे हटवले. ऑक्सफर्डच्या ओरिएल महाविद्यालयात सेसिल ऱ्होड्सचा पुतळा आंदोलनानंतरही कायम आहे.

कोल्हापूरच्या वादाला हा निकष लागूच पडत नाही, कारण इथे ज्यांचे नाव आहे त्यांच्या थोरवीबद्दल दोन्ही बाजूंचे एकमत आहे. दोषी ठरत आहेत ते १९६२ मध्ये नाव देणारे, आणि तेही आजच्या शिष्टाचाराच्या मापाने. वस्तीच्या जातिवाचक नावाने जशी कुणाची मान खाली जात होती, तशी ‘शिवाजी विद्यापीठ’ या नावाने कुणाची जाते, हे मागणी करणाऱ्यांना अजून दाखवता आलेले नाही.

नाव बदलायचे तर प्रक्रिया काय?

राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांची नावे २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात नोंदलेली आहेत. त्यामुळे बदलासाठी विधिमंडळात दुरुस्ती मंजूर व्हावी लागते. पुणे (२०१४), उत्तर महाराष्ट्र (२०१८) आणि सोलापूर (२०१९) विद्यापीठांच्या नावांत अनुक्रमे सावित्रीबाई फुले, बहिणाबाई चौधरी आणि अहिल्यादेवी होळकर यांची नावे जोडली गेली. पण तिथे आधी फक्त गावाचे किंवा प्रदेशाचे नाव होते. कोल्हापूरला नवे नाव मिळाल्यास शिक्के, प्रमाणपत्रे, संकेतस्थळ आणि संलग्न महाविद्यालयांच्या पाट्या बदलाव्या लागतील. गारगोटीच्या एसटी स्थानकावर कोल्हापूरच्या गाडीत चढणारा विद्यार्थी तेव्हा कंडक्टरला ‘शिवाजी’ सांगेल की ‘सीएसएमयू’, हे मात्र विधिमंडळाला ठरवता येणार नाही.